डिसेंबरचे पाहुणे, भाद्रपदातली कुत्री

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका किनारी गावात दोन परदेशी स्वयंसेवक भटक्या कुत्र्यांसाठी येऊन राहिले. एक जर्मनीची तरुणी. दुसरा इंग्लंडचा, तिकडे जनावरांच्या दवाखान्यात परिचारकाचं काम करणारा. दोघंही स्वखर्चाने आलेले, कष्टाला मागे न सरणारे, कुत्र्यांवर मनापासून माया असलेले. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या कामातून पिल्लं दगावली, गावातला एक मुलगा इंजेक्शनांच्या फेऱ्यात सापडला आणि गावात दोन तट पडले. दुसऱ्या खेपेला तेच दोघं त्याच गावात जवळपास तितकेच दिवस राहिले, आणि त्या कामाचा गुण गावाला अजून पुरतो आहे. मधल्या वर्षात कामाची वेळ हलली आणि कोणी काय करायचं याची वाटणी नव्याने झाली. हे मी जवळून पाहिलं, कारण पाहुणे उतरले होते माझ्या वहिनीच्या खानावळीत आणि दुभाषा म्हणून त्यांच्याबरोबर मीच असायचो. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. इकडे सगळे एकमेकांना ओळखतात.

गोव्याचा शेजार

दोघं आमच्याकडे आले ते गोव्याहून. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, आणि भटक्या कुत्र्यांच्या कामात गोव्याचं उदाहरण जगभर दिलं जातं. मिशन रेबीज ही मोहीम २०१३ साली सुरू झाली आणि पुढे गोव्यात तिने चांगलं मूळ धरलं. वाड्यावाड्यांतून फिरणारी पथकं, लांब दांड्यांची जाळी, जागच्या जागी लस, टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाची खूण, मोबाइलवर प्रत्येक कुत्र्याची नोंद आणि शाळाशाळांतून मुलांना धडे. परदेशी स्वयंसेवक त्यात असतात, पण रोजचं काम ओढणारी माणसं तिथलीच, आणि राज्य सरकार पाठीशी. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, तेव्हा आधीची सलग तीन वर्षं तिथे रेबीजने माणूस दगावला नव्हता.

यामागचा हिशोब साधा आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो, आणि एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळत राहिली तर विषाणूची साखळी तुटते. एकेक कुत्रं उचलून आणण्यापेक्षा सगळ्या वस्तीला लस टोचणं हे खरं वाचवणं. हे दोघं गोव्यात अशाच कामाला काही दिवस हात लावून आले होते, म्हणजे त्यांना हे ठाऊक होतं. तरीही आमच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यावर पहिलं जे डोळ्यांत भरलं, त्याच्यामागे ते गेले. कोणीही गेलं असतं.

गावाचं वर्ष, कुत्र्यांचं वर्ष

सकाळी रापण ओढली जाते तेव्हा जाळ्याच्या दोन्ही अंगांना कुत्री बसून असतात. बांगडा टोपलीत जातो. फुटलेले पेडवे आणि विकायला न जाणारी बारीक मासळी वाळूत राहते. ती त्यांची न्याहारी. दिवसा खानावळींचं खरकटं, चिकनच्या दुकानामागे पडलेली कातडी, संध्याकाळी पर्यटक टाकतील ती बिस्किटं. रात्री त्यातलं बहुतेक कुत्रं कुठल्या तरी घराच्या पडवीत निजतं, त्या घरची उकड्या तांदळाची पेज पितं आणि परक्यावर भुंकून तिची फेड करतं. गळ्यात पट्टा नाही, लशीचा कागद नाही. कोणाचं म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं: "कुत्रो गावचो, कोणा एकाचो नाय."

मग पाऊस येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, आणि उधाणलेल्या दर्यात रापणही पडत नाही. पर्यटक नाहीत, खानावळींच्या चुली थंड. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात जातात, पण तोवर श्रावण लागलेला असतो; कितीतरी घरांत गणपती विसर्जनापर्यंत मासळी शिजत नाही, म्हणजे पडवीतल्या कुत्र्याला काटाही मिळत नाही. या तीन महिन्यांत कुत्र्यांच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. ओल्या अंगाला खरूज धरते, कानांत गोचिडांचे घोस लटकतात, साध्या चाव्याच्या जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात.

त्यातून जगलेल्या माद्या भाद्रपदात माजावर येतात. गाभणपण साधारण ६३ दिवसांचं. म्हणजे पिल्लं पडतात कार्तिक-मार्गशीर्षात, जत्रांच्या दिवसांत, थंडी सुरू होताना आणि पर्यटनाचा हंगाम भरात असताना. डिसेंबरात आलेल्या पाहुण्याला होड्यांच्या सावलीत, सुरूच्या बनात, पडक्या घरांच्या चौथऱ्यावर पिल्लंच पिल्लं दिसतात. मोठी कुत्री तेव्हा धडधाकट असतात. जुलैतली भूक त्याला दिसत नाही आणि भाद्रपदात थोपवता आलं असतं तेही दिसत नाही.

हे चक्र आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पाहुण्यांना ते कोणी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही आणि सांगण्याजोगं त्यात काही आहे असं गावाला वाटलं नाही.

मांगर

पहिल्या हिवाळ्यात गावातल्या तीन-चार तरुणांनी पाहुण्यांभोवती एक मंडळ जमवलं. सगळ्यांच्या विचाराने ठरलं की पिल्लं थंडीत आणि रस्त्यावर मरतात, तर त्यांना एका जागी आणायचं. एका बागायतदाराने काजूच्या बागेतला मांगर, म्हणजे बागेतलं खोपट, मोकळा करून दिला. गावातल्या आजीही म्हणाल्या, "थंडी पडली हा, पिलां गारठतली." जेटीवरची, बाजारातली आणि सुरूच्या बनातली अशी वेगवेगळ्या आयांची पिल्लं त्या मांगरात आली. जर्मन मुलीने गोधड्या आणल्या, दुधाची बाटली, वजनाचा काटा, प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर. पाहायला फार छान होतं. पर्यटक फोटो काढायला यायचे.

आठवड्याच्या आत बाजारातलं एक पिल्लू खायचं थांबलं. मग उलटी. मग पातळ, रक्ताची शी, आणि तो वास. पार्व्हो म्हणजे पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा, झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य रोग. त्याचा वास ज्याने एकदा घेतला तो दाराबाहेरूनच सांगतो. तालुक्यातून पशुवैद्य आले, त्यांनी आत न येता उंबऱ्यावरूनच मान हलवली.

पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यावर तीन ते सात दिवसांत लक्षणं दाखवतो. म्हणजे पहिलं पिल्लू आजारी दिसलं तेव्हा बाकीच्यांना तो लागून गेलेला होता. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सहा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान ओसरत जातं. लस लवकर दिली तर ते संरक्षणच लशीला निकामी करतं, उशिरा दिली तर मधल्या फटीत रोग शिरतो. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस द्यायची, सोळा आठवडे होईपर्यंत. मांगरातल्या पिल्लांना एकही डोस मिळालेला नव्हता, आणि मिळाला असता तरी तो इतक्या लवकर कामाला आला नसता. आपापल्या आईजवळ, आपापल्या खड्ड्यात राहिली असती तर एका वेतातला रोग दुसऱ्यात जायला वाटच नव्हती. ती वाट मांगराने करून दिली.

इंग्लंडच्या त्या माणसाने रात्री जागून सलाइन दिलं. भिंतीतल्या खिळ्याला बाटली टांगलेली, पिल्लाच्या मानेच्या कातडीखाली सुई, आणि हा मांडी घालून बसलेला, दुसऱ्या हाताने पिल्लाचं पोट शेकत. सुई कशी धरायची, कातडीची घडी कशी उचलायची, किती दिल्यावर थांबायचं हे त्याने आमच्या पोरांना त्या रात्रींत शिकवलं. पुढे ते उपयोगाला आलं, म्हणून इथे लिहून ठेवतो. पिल्लं मात्र बहुतेक गेली.

त्यानंतर जागा स्वच्छ करायचा प्रश्न आला. पार्व्होचा विषाणू सावलीतल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनेलला भीक घालत नाही. त्याला ब्लीच लागतं. मांगराची जमीन शेणाने सारवलेली. शेण-मातीसारख्या पदार्थांत ब्लीचचा जोर तिथल्या तिथे जिरून जातो. शेवटी वरचा थर खरवडून काढला, खोल पुरला आणि मांगर पावसाळ्यापर्यंत बंद ठेवला. बागायतदार काही बोलला नाही, पण त्याच्या घरातून आमच्या दिशेने बरेच दिवस कोणी हाक मारली नाही.

पिल्लांसाठी निवारा काढू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. अलग ठेवायला वेगळी खोली, धुता येणारी फरशी आणि पशुवैद्याची रोजची फेरी या तीन गोष्टी नसतील तर पिल्लं एकत्र आणू नका. आईला दोन वेळा पोटभर घाला. कोकणातल्या हिवाळ्यात पिल्लं थंडीने क्वचित मरतात. आईचं दूध आटल्यावर मरतात.

एक कुत्रं, दोन उपचार

मांगराच्याच दिवसांत जेटीवरची एक मादी जाळ्यात धरली. पाठीवर जखम होती, ती धुवायची होती. जाळं सैल झालं आणि तिने दोघांना ओरबाडलं: जर्मन मुलीच्या मनगटावर आणि जाळं धरलेल्या गावातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या पोटरीवर. दोघांनाही रक्त आलं.

तिने बाटलीतल्या पाण्याने हात धुतला, सावकाश, साबण लावून, पुन्हा पुन्हा. मुलगा घरी पळाला. त्याच्या आजीने जखमेला चुना लावला. "चुनो लाव रे, इख उतारता." मी पोचलो तोवर पोटरी पांढरी झाली होती. नळाखाली धरून तो चुना काढला आणि पंधरा मिनिटं साबणाने धुतलं. रेबीजच्या बाबतीत ही पंधरा मिनिटं पुढच्या इंजेक्शनांइतकीच मोलाची आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. चुना, मिरची, हळद, तेल, काहीही भरायचं नाही. शक्यतो टाकाही घालायचा नाही.

मग ग्रामीण रुग्णालय. तिथे जे झालं त्याने माझी झोप उडवली. ती मुलगी घरून निघण्याआधीच रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेऊन आली होती. तिला दोनच डोस लागले, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन), नाही. मुलाने आयुष्यात रेबीजची लस घेतलेली नव्हती. रक्त आलेली जखम तिसऱ्या, सगळ्यांत गंभीर श्रेणीत मोडते, म्हणजे लशीचा पूर्ण क्रम, त्वचेत देतात तो ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि शिवाय इम्युनोग्लोब्युलिन जखमेच्या आत आणि भोवती टोचायचं. ते त्या दिवशी तिथे शिल्लक नव्हतं. त्याच्या वडिलांनी मोटारसायकल काढून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला नेलं. एकाच कुत्र्याची नखं, एकाच वेळी. ज्याने पाहुण्यांना मदत करायची म्हणून जाळं धरलं त्याच्या वाट्याला मोठा धोका आला, आणि त्याला तो आहे हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

ती मादी दहा दिवस नजरेखाली ठेवली. ठणठणीत राहिली. चावताना ज्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो ते कुत्रं दहा दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं, म्हणून हा नियम. मुलाने तरीही क्रम पूर्ण केला, आणि ते बरोबर केलं.

दुसऱ्या खेपेपासून एक अट घातली आणि ती आजही आहे: पूर्वप्रतिबंधक लस घेतल्याशिवाय कोणीही कुत्र्याला हात लावायचा नाही, मग तो गावचा असो की बर्लिनचा. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी, असे तीन डोस. आणि अठरा वर्षांखालचं पोर जाळ्याजवळ नको, कितीही हट्ट करो.

किनाऱ्यावरचं भांडण

हे थोडक्यात सांगतो. आमच्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात; शेजारच्या वायंगणीत तर त्यांचं संवर्धन अनेक वर्षं चालू आहे. नोव्हेंबर ते मार्च हा घरट्यांचा काळ. कुत्रं घरटं उकरतं, अंडी खातं, पाण्याकडे निघालेली पिल्लंही सोडत नाही. आणि पाहुणे संध्याकाळी वाळूवरच कुत्र्यांना जेवू घालत होते. कासवांची घरटी राखणाऱ्या एका काकांनी भरसंध्याकाळी येऊन ताटली उलटी केली. जर्मन मुलगी रडली. काकांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. खायला घालायची जागा सुरूच्या बनाच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला नेली, वेळ सकाळची केली, आणि भांडण तिथेच मिटलं. पुढे ते काकाच आम्हाला रात्री कुठली कुत्री किनाऱ्यावर फिरतात ते सांगू लागले.

पैसा, परवाने आणि एक तांबडी मादी

परत जायच्या आधी मुलीने तिकडे इंटरनेटवर वर्गणी गोळा केली. रक्कम चांगली होती. ती आमच्या मंडळाच्या खात्यात पाठवायची असं तिने जाहीरही केलं होतं. ते जमणारं नव्हतं. २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परदेशातून देणगी घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. आमचं मंडळ म्हणजे चार पोरं आणि एक वही. "गुपचूप माझ्या भावाच्या खात्यात मागवू" अशी एक सूचना आली, ती तिथेच बंद केली. पैसे कायदेशीर नोंदणी असलेल्या, आधीपासून हेच काम करणाऱ्या एका संस्थेला गेले. आमच्या हाती एक पैसा आला नाही आणि गावात त्यावरूनही कुजबुज झाली.

असेच आणखी नियम आहेत आणि यजमानाने ते आधीच ठाऊक करून घ्यावेत. ई-पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता, स्वयंसेवा करता येते. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती प्रशासनाला ऑनलाइन कळवणं हे खानावळवाल्याचं काम. वहिनीने ते चोख केलं होतं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा. इथली नोंदणी नसलेल्याने, तो परदेशात कितीही नावाजलेला डॉक्टर असो, इथे शस्त्रक्रिया करायची नाही. इंग्लंडच्या माणसाने स्वतःहून ही रेषा पाळली. सलाइन दिलं तेही पशुवैद्यांच्या सांगण्यावरून.

आणि मग ती तांबडी. एका कानाची कड फाटलेली, वयाने तरुण मादी, जी पहिल्या दिवसापासून त्या मुलीच्या खाटेखाली निजायची. तिला जर्मनीला न्यायचं मुलीने ठरवलं. आम्ही कागद काढून बसलो. आधी मायक्रोचिप. मग रेबीजची लस. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. प्रतिपिंडं मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककं किंवा जास्त हवीत. रक्त काढल्यापासून आणखी तीन महिने थांबायचं, मग सरकारी आरोग्य दाखला, मग विमान. भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे यातली एकही पायरी गाळता येत नाही. 

चार महिन्यांवर वेळ, आणि हिच्या हातात उरलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. तोवर तांबडीला ठेवणार कोण, खर्च करणार कोण? वहिनीने विचारलं, "बाये, हिका नेतंस ती एक. तेवढ्या पैशात हंय कितीजणींची आपरेशनां होतली?" मुलीने रात्रभर विचार केला आणि सकाळी तांबडीचा पट्टा वहिनीच्या हातात दिला. परदेशी दत्तक देण्याच्या मी विरोधात नाही. अपंग, रस्त्यावर जगूच न शकणाऱ्या कुत्र्यासाठी ते वरदान ठरतं. पण तांबडीला घर होतं. तिला शस्त्रक्रियेची गरज होती.

कुत्रं कोणाचं

पाहुणे गेल्यावर गाव शांत झालं असं नाही. पोटरीला जखम झालेल्या मुलाच्या वडिलांनी ग्रामसभेत सगळी कुत्री उचलून घाटावर सोडा म्हणून मागणी केली. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्रं धरायचं, नसबंदी आणि लस करायची, आणि जिथून धरलं तिथेच परत सोडायचं. रिकामी झालेली जागा शेजारच्या गावची, बिनटोचलेली कुत्री महिन्याभरात भरून काढतात, कारण जेटीवरची मासळी तिथेच असते. हे मी त्या सभेत सांगितलं. रापणीचे एक तांडेल, म्हणजे जाळ्यावरचे म्होरके, उठून म्हणाले, "पावसात येवन बघा म्हणा त्यांका, तेव्हा कुत्रे काय खातत ता." सभा हसली नाही. मला वाटतं, या प्रकरणाला कलाटणी मिळाली ती त्या वाक्याने. तोवर पाहुणे काय करतायत यावर सगळी चर्चा होती. आता वर्षाचा हिशोब टेबलावर आला.

अडचण अशी की त्या नियमांखाली रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करायला प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था लागते, आणि ती बोलावणं हे स्थानिक स्वराज्य संस्थेचं काम. ग्रामपंचायतीने वर पत्र धाडलं. उत्तराची वाट पाहत बसलो असतो तर दुसरा भाद्रपद उलटला असता.

वाट सापडली ती पडव्यांत. बहुतेक कुत्रं कुठल्या तरी घराची पेज पितं, हे वर आलंच आहे. त्या घराने ते आपलं म्हणून लिहून दिलं तर ते पाळीव कुत्रं झालं, आणि पाळीव कुत्र्याची नसबंदी कुठलाही नोंदणीकृत पशुवैद्य दवाखान्यात करू शकतो. यात पळवाट काही नाही. ज्याची भाकर खातं त्याने त्याची जबाबदारी घ्यायची, एवढंच. लोक आधी बिचकले. नाव लिहिलं तर उद्या ते कोणाला चावल्यावर भरपाई माझ्याकडे मागाल, असं म्हणाले. आम्ही सांगितलं, हो, म्हणूनच टोचून घ्या. वहिनीने तांबडीचं नाव पहिलं लिहिलं. मग तांडेलांनी दोन लिहिली.

या नोंदीसाठी पाहुण्यांचा उपयोग झाला तो समुद्रापलीकडून. पहिल्या हिवाळ्यात त्या मुलीने जवळजवळ प्रत्येक कुत्र्याचे दोन्ही कुशींचे फोटो काढून ठेवले होते. तेव्हा आम्हाला ते उगीचचं वाटलं होतं. तिने घरबसल्या त्यांचा तक्ता केला: रंग, खुणा, नर की मादी, कुठे दिसलं. आमच्या पोरांनी दोन वेगवेगळ्या सकाळी गावभर फिरून पुन्हा फोटो पाठवले. पहिल्या फेरीत दिसलेल्यांपैकी किती दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसली, यावरून न दिसलेली किती असतील याचा अंदाज बांधता येतो. कुत्री मोजायची ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. गावात सगळे म्हणत होते त्याच्या जवळपास निम्मीच कुत्री निघाली. भीती निम्म्याने कमी झाली आणि काम आटोक्यातलं वाटू लागलं.

फेब्रुवारी

दुसऱ्या खेपेला दोघांना डिसेंबरात येऊ नका असं कळवलं. फेब्रुवारीत या. तोवर मार्गशीर्षातली पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध सुटलेलं असतं. अंगावर पाजणाऱ्या आईला शस्त्रक्रियेला नेत नाहीत. हवा कोरडी असते, टाके चिघळत नाहीत. आणि भाद्रपदाला बराच अवकाश असतो.

पशुवैद्यांनी आठवड्यातले ठरावीक दिवस दिले. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं काम घरवाल्यांचं, नेआण एका टेम्पोवाल्या दादांची. शस्त्रक्रियेनंतरचे चार-पाच दिवस खरे कसोटीचे, आणि तिथे इंग्लंडच्या माणसाचा हात लागला. तो रोज घरोघर फिरायचा. पडवीत उकिडवा बसून मादीला कुशीवर वळवायचा, टाक्यांवर बोटाचं मागचं पेर टेकवून ऊब पाहायचा, हिरड्या दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचा. सूज किती चालते, पू कसा दिसतो, कधी टेम्पोला फोन करायचा, हे त्याने प्रत्येक घरातल्या बाईला दाखवून ठेवलं, कारण नंतर ती बघणार होती. त्याला मराठी येत नव्हतं. हात धरून दाखवायचा. कुठे तरी त्याला सोलकढी पाजल्याशिवाय सोडत नसत.

जर्मन मुलगी शाळेत गेली. कुत्रं धावून आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं; पडलात तर पोटाशी पाय घेऊन मान झाकायची; चावलं तर लपवायचं नाही, लगेच घरी सांगायचं. जगात रेबीजचा संशय असलेली जनावरं ज्यांना चावतात त्यांत चाळीस टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात, आणि घरी ओरडा बसेल म्हणून लपवणारं पोर सगळ्यांत धोक्यात. पोटरीवर खूण असलेला तो मुलगा त्या तासाला पुढे उभा राहून आपली गोष्ट सांगायला तयार झाला. मी अनुवाद करायला गेलो होतो. माझी गरज पडली नाही.

नोंदलेल्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस त्याच महिन्यात टोचून झाली.

मग पाऊस आला, पाहुणे नव्हते, आणि काम थांबलं नाही. खानावळवाल्यांनी हंगामातल्या कमाईतून थोडा तांदूळ बाजूला काढला. सुक्या मासळीची डोकी आणि मोड मे महिन्यातच बाजारातून स्वस्तात घेऊन डब्यांत भरली होती. पेजेत ती शिजवून रोज सकाळी ठरलेल्या जागी घालायची, पाळी लावून. तांडेलांच्या घरची पाळी कधी चुकली नाही. मांगरातल्या रात्री सलाइन द्यायला शिकलेल्या दोन पोरांनी त्या पावसात अळ्या पडलेल्या जखमा पशुवैद्यांना फोनवर दाखवत साफ केल्या. भाद्रपद गेला. त्यानंतरच्या मार्गशीर्षात पडव्यांतली पिल्लं डोळ्यांना दिसण्याइतकी कमी होती.

जे उरलं

जेटीवरची कुत्री उरली. ती कोणाच्याच पडवीत येत नाहीत, म्हणून त्यांना घर लिहून द्यायला कोणी नाही. पाहुणीला आणि मुलाला ओरबाडणारी ती मादी त्यांतलीच. आता ती जाळं लांबून ओळखते आणि होड्यांखाली शिरते. तिने याही हिवाळ्यात सुरूच्या बनात वेत टाकलं. त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचं पथकच हवं, आणि त्यासाठी जिल्ह्याकडून ठराव मंजूर व्हायला हवा. ग्रामपंचायतीचं पत्र अजून वरच आहे. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा जागांतली भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. आमच्या शाळेच्या आवारात दुपारी दोन-तीन निजलेली असतात आणि गावात निवारा नाही. मांगरात जे पाहिलं त्यानंतर तसला निवारा घाईने उभा करायला माझा जीव होत नाही. शाळेचं आवार कुंपणाने बंद करून घ्यावं आणि त्या दोन-तीन कुत्र्यांना घरं शोधावीत, असा प्रस्ताव आम्ही ठेवला आहे. एक घर मिळालं आहे.

पाहुण्यांनी या वर्षी येण्याआधी विचारून घेतलं. जेटीच्या पथकाचं नक्की झालं तरच या, नाही तर तिकिटाचे पैसे राखून ठेवा, असं मी त्यांना कळवलं आहे.